घरावर पत्रा घालताय? आधी वाऱ्याचा हिशेब करा

कोकणात नवं घर बांधताना कौलं घालणारे आता कमी झाले. शाकारणीला माणूस मिळत नाही, माकडं कौलं फोडतात, वासे-रिपांचं लाकूड परवडत नाही. म्हणून पत्रा आला. पत्रा वाईट नाही, पण त्याचा स्वभाव कौलासारखा नाही. कौल आपल्या वजनाने बसतं; वाऱ्याने चार निघाली तर चारच निघतात. पत्रा हलका. एक सुटला की शेजारच्याला घेऊन जातो आणि उडालेला पत्रा माणसाला, गुराला कापतो.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं. मृग अजून लागायचा होता. पुढच्याच वर्षी मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं. नारळी-पोफळीच्या बागांची पाहणी करत फिरताना एक गोष्ट ठळक दिसली. पत्रे फाटून गेलेले कमी. हुक, खिळे किंवा वासे उपटून गेलेलेच जास्त. म्हणजे दोष पत्र्याचा कमी आणि बांधणीचा अधिक.

वारा वर ओढतो

वारा छप्पर दाबतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात छपरावरून जोराने जाणारा वारा पत्र्याला वर ओढतो आणि दार-खिडकीतून आत शिरलेला वारा खालून ढकलतो. ताशी १२० किलोमीटर वाऱ्याचा जोर चौरस मीटरला सुमारे ६८ किलो भरतो. दहा फूट लांब, साडेतीन फूट रुंद पत्र्यावर हा जोर दोनशे किलोच्या पुढे जातो. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या त्या पत्र्याचं स्वतःचं वजन मात्र जेमतेम पंधरा किलो. वारा दुप्पट झाला की जोर चौपट होतो. वळचण, आढं आणि कोपरे इथे ओढ सर्वांत जास्त.

म्हणूनच पत्र्यावर दगड ठेवणं हा इलाज नव्हे. दोन-चार दगडांनी दोनशे किलोची ओढ थांबत नाही. उलट पत्रा उचलला की तेच दगड खाली झोपलेल्या लेकरांवर येतात. आजच दगड उतरवा.

खरेदी करताना

गेजच्या आकड्याने फसू नका. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. जाडी मिलिमीटरमध्ये विचारा, पावतीवर लिहून घ्या. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा पातळ घेऊ नका. समुद्राकाठी ॲल्युमिनियम-जस्ताचा मुलामा असलेला पत्रा साध्या जस्ताच्या पत्र्यापेक्षा जास्त टिकतो. पण गोठ्यावर तो घालण्याआधी विचार करा; शेण-मुताच्या वाफेने तो मुलामा खराब होतो. खताच्या गोणीही पत्र्याला टेकवून ठेवू नका.

बसवताना

१) आधी सांगाडा. चिऱ्याच्या भिंतीवर काँक्रीटचा पट्टा घालून त्यात बोल्ट सोडा आणि वासे किंवा पाईप त्या बोल्टला आवळा. पत्रा पाईपला घट्ट, पण पाईप भिंतीवर नुसता टेकलेला असेल, तर सगळं छप्पर एकदम जातं.

२) आडव्या पाईपांमध्ये साडेतीन ते चार फुटांपेक्षा जास्त अंतर नको. वळचणीला आणि आढ्याजवळ ते आणखी कमी ठेवा.

३) पावसाळी वारा नैऋत्येचा. पत्रा त्याच्या विरुद्ध टोकाकडून आणि वळचणीकडून घालत या, म्हणजे जोडाचं तोंड वाऱ्याकडे राहत नाही. बाजूचा जोड दीड नळीचा, वर-खालचा किमान सहा इंचांचा.

४) खिळा नको. हुक-बोल्ट किंवा स्क्रू वायसरसह आणि तोही नळीच्या उंचवट्यावर मारा. खोलगटात मारला की तिथूनच गळणार. कडेच्या रांगांत मधल्यापेक्षा दुप्पट हुक द्या. ड्रिलचा कीस त्याच दिवशी झाडून काढा, नाहीतर तिथून गंज धरतो.

५) वळचण दीड फुटापेक्षा पुढे काढू नका. पडवीचं छप्पर वेगळं ठेवा, म्हणजे पडवी गेली तरी घर राहतं. जमेल त्याने चौपाखी छप्पर करावं. ते दुपाखीपेक्षा वाऱ्याला चांगलं तोंड देतं.

६) वर पत्रा चढवताना विजेच्या तारा बघा. घराकडे येणारी तार पत्र्याला घासू देऊ नका. पावसात सगळं छप्पर विजेने भारलं जातं.

उभ्या घडीचा पत्रा

मोठ्या गोदामांवर आता उभ्या घडीचा पत्रा दिसतो. यात दोन पत्र्यांच्या कडा उभ्या करून एकमेकींत दुमडतात आणि आतल्या क्लिपने पाईपला धरतात. मधे भोकच पडत नाही. शिवाय उन्हात लोखंड वाढतं. दहा मीटरचा पत्रा ४० अंश तापला की सुमारे पाच मिलिमीटर लांबतो. साध्या पत्र्यात या ओढाताणीने स्क्रूचं भोक सैल होतं, इथे पत्रा क्लिपवर सरकतो. मात्र यंत्र आणि कसबी माणूस लागतो. शिवाय क्लिपा कमी पडल्या, तर वाऱ्यात पत्रा सोलल्यासारखा निघतो. गावातल्या छोट्या घराला साधा पत्रा नीट बांधला तरी पुरतो.

ग्रामपंचायतीसाठी

घरकुलाची पाहणी करताना भिंतीबरोबर छपराचे बोल्टही मोजावेत. शाळा, अंगणवाडी, समाजमंदिर यांचे हुक दरवर्षी मे महिन्यात तपासून घ्यावेत. लोक वादळात तिथेच आसऱ्याला येतात.

घरमालकांनी रोहिणी लागण्याआधी एक दिवस छपरासाठी काढावा. सैल हुक आवळा, कुजलेले वायसर बदला, छपराचे फोटो आणि पावत्या जपून ठेवा. पंचनाम्याच्या वेळी त्या कामी येतात. हुकांचा खर्च पत्र्यांच्या मानाने किरकोळ आहे. तो वाचवू नका.