साखळीच खरी कसोटी

क्रिकेटचा पहिला विश्वचषक स्त्रियांचा. पुरुषांच्या दोन वर्षे आधी, १९७३ मध्ये तो इंग्लंडमध्ये झाला, रेचल हेहो-फ्लिंट यांच्या धडपडीतून आणि उद्योगपती जॅक हेवर्ड यांनी दिलेल्या ४०,००० पौंडांवर. संघ पुरेनात म्हणून ‘यंग इंग्लंड’ आणि ‘इंटरनॅशनल इलेव्हन’ उभे करून सात संघ जमवले. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचे आणि ज्याचे गुण जास्त त्याचा चषक. वेगळा अंतिम सामना नव्हताच. एजबॅस्टनवरची शेवटची इंग्लंड-ऑस्ट्रेलिया लढत निर्णायक ठरली, हा निव्वळ कार्यक्रमपत्रिकेचा योग. १९८२ पासून अंतिम सामना आला. तो हवाच होता. पण त्याआधीची पूर्ण साखळी हीच या स्पर्धेची खरी पुंजी आहे, आणि ती मोडली की अन्याय होतो.

२०१३ चेच घ्या. भारतातल्या त्या स्पर्धेत आठ संघांचे दोन गट पाडले होते. भारताने वेस्ट इंडिजला १०५ धावांनी हरवले, इंग्लंडकडून हार पत्करली आणि श्रीलंकेविरुद्ध एक दिवस फार वाईट गेला. खेळ खलास! गुण सारखे असूनही निव्वळ धावगतीवर यजमान बाहेर पडले, आणि त्यांनी हरवलेले वेस्ट इंडिज थेट अंतिम सामन्यात पोहोचले. २०१७ पासून पूर्ण साखळी परतली. म्हणूनच २०२५ मध्ये सलग तीन सामने गमावूनही भारताला सावरता आले. सातांपैकी तीनच सामने जिंकणारा संघ जगज्जेता कसा, असा आक्षेप कुणी घेईल. तो गैर नाही. पण साखळी फक्त दार उघडते, आत गेल्यावर जिंकावेच लागते. उपांत्य सामन्यात तोवर अपराजित असलेल्या ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा समोर होत्या. जेमिमा रॉड्रिग्ज १२७ वर नाबाद राहिली, हरमनप्रीतने ८९ केल्या, आणि नऊ चेंडू शिल्लक असताना नवी मुंबईत सामना हातात आला. अंतिम सामन्यातली दक्षिण आफ्रिकाही साखळीत ६९ आणि ९७ धावांत कोसळली होती. तीन सामन्यांच्या गटात असे दोन दिवस कोणाला परवडले असते?

आठच संघ म्हणजे बाकीच्यांना दार बंद, हा आक्षेप मात्र मला पटतो. २०२९ मध्ये दहा संघ खेळणार आहेत. पूर्ण साखळी ठेवली तर २८ ऐवजी ४५ सामने होतील आणि खर्चाचे कारण सांगून पुन्हा गट पाडण्याचा मोह होईल. पण ज्या स्पर्धेची बक्षिसांची रक्कम २०२५ मध्ये १ कोटी ३८ लाख डॉलरवर गेली, तिला सतरा जादा सामने जड जायला नकोत.