गवती चहा, सोन्याचे कण आणि प्रकाश



प्रकाशाने तापणारे सोन्याचे सूक्ष्म कण केळीच्या बागेत चालतात का, आणि कर्करोगावर चालतात का, असे दोन प्रश्न जळगाव व धुळे जिल्ह्यांतील आमचे शेतकरी देणगीदार आणि रुग्णांचे नातेवाईक वारंवार विचारतात. आम्ही हिशेब पाहणारी माणसे. तरीही समजले तेवढे सोप्या शब्दांत मांडीत आहोत.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. सोन्याचे कण काही नॅनोमीटर इतके लहान झाले की त्यांचे द्रावण पिवळे न राहता माणकासारखे तांबडे दिसते. मायकेल फॅरेडे यांनी 1857 मध्येच याचा अभ्यास केला होता. कणातील इलेक्ट्रॉन ठराविक रंगाच्या प्रकाशाबरोबर हेलकावतात, प्रकाश शोषला जातो आणि त्याची उष्णता होते. कोणता प्रकाश शोषला जाईल, हे कणाच्या आकारावर ठरते.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री यांच्या गटाने 2004 मध्ये आपल्या परसातील गवती चहाच्या जातीच्या पानांचा अर्क वापरून सोन्याचे त्रिकोणी कण तयार केले. ते डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश शोषतात. हा प्रकाश शरीरात काही अंतर शिरतो, म्हणून अशा कणांनी केवळ गाठ तापवून नष्ट करण्याची कल्पना पुढे आली. सोन्याचा मुलामा दिलेल्या कणांची अमेरिकेत प्रोस्टेटच्या 16 रुग्णांवर प्राथमिक चाचणी झाली; तिचे निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. ती सुरुवात आहे, सर्रास उपचार नव्हे.

वनस्पतींचा तर संसारच प्रकाशावर चालतो. हरितद्रव्याजवळ असे कण ठेवून प्रकाशसंश्लेषण बदलता येते का, याचे प्रयोग प्रयोगशाळांत होत असतात. परंतु मात्रा चुकल्यास धातूचे कण पिकालाही अपाय करू शकतात.

हे लिहिण्यास कारण घडले. एका कुटुंबाने ‘सोन्याच्या इंजेक्शना’ची जाहिरात वाचून पैसे जमविण्यासाठी रुग्णाचे किरणोपचार दोन महिने लांबविले. तेवढ्यात गाठ वाढली. पैसा पुन्हा उभा करता येतो. गेलेली वेळ कोणत्याही खात्यात परत जमा होत नाही.

म्हणून नम्र विनंती, की नव्या उपचाराची बातमी वाचल्यास कात्रण घेऊन प्रथम आपल्या डॉक्टरांना भेटावे. चालू उपचार थांबवू नयेत. खर्चाची अडचण असल्यास आरोग्यमित्रांशी बोलावे. देणगीदारांनी दिलेला प्रत्येक रुपया सिद्ध उपचारांवरच खर्च होईल, ही आमची ग्वाही आहे.