तीन फेजच्या पॅनलपुढे कोणता मल्टिमीटर धरावा?

तारापूर औद्योगिक वसाहतीच्या आधाराने पालघर-बोईसर पट्ट्यातील आपल्या अनेक बांधवांची रोजी चालते. कोणी मोटारींचे रिवाइंडिंग करतो, कोणी पॅनल बांधतो, कोणी सातपाटीकडे बर्फ कारखान्याचे कॉम्प्रेसर दुरुस्त करतो. या सर्वांच्या पिशवीत मल्टिमीटर असतोच, पण बहुधा तो दोन-अडीचशे रुपयांचा पिवळा मीटर असतो. रेडिओ, चार्जर, स्कूटरची बॅटरी यांसाठी तो पुरेसा आहे. कारखान्याच्या पॅनलवर मात्र तो नेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका वर्कशॉपमधील शिकाऊ मुलाने असाच मीटर वापरला. आधी त्याने बॅटरीचा करंट मोजला होता. लाल लीड 10 अँपिअरच्या भोकातच राहिली आणि तो दोन फेजमधील व्होल्टेज पाहू लागला. मीटर हातातच फुटला. मुलाचा तळवा भाजला, डोळे थोडक्यात वाचले. उस्ताद त्याच्यावर रागावले. पण नंतर मीटर उलटून पाहिला तेव्हा त्या भोकाजवळ इंग्रजीत ‘अनफ्यूज्ड’ असे छापलेलेच होते. त्या भोकामागे जाड तारेचा एक तुकडा असतो, मध्ये फ्यूज नसतो. म्हणजे चारशे व्होल्टच्या दोन फेज सरळ एकमेकींना जोडल्यासारखे झाले.

मध्यम किमतीच्या, म्हणजे साधारण तीन ते आठ हजारांच्या मीटरमध्ये जादा पैसा प्रथम येथेच खर्च झालेला असतो. त्यात वाळू भरलेला एचआरसी फ्यूज असतो. काचेचा फ्यूज उडाला तरी मोठ्या व्होल्टेजवर आत ठिणगीचा झोत चालूच राहू शकतो. वाळू तो विझवते. हा फ्यूज महाग मिळतो म्हणून काही कारागीर त्या जागी तार गुंडाळतात. तसे केल्यास आठ हजारांचा मीटरही त्या पिवळ्या मीटरइतकाच धोक्याचा होतो.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे ‘कॅट’ हा शिक्का. कॅट दोन हा प्लगवर चालणाऱ्या उपकरणांसाठी, कॅट तीन हा पॅनल व तीन फेजच्या मोटारींसाठी आणि कॅट चार हा बाहेरून येणाऱ्या मेन लाइनसाठी असतो. पिवळ्या मीटरवरही सहाशे व्होल्ट लिहिलेले असते, मग फरक काय, असे आम्हाला नेहमी विचारतात. मोठी मोटार बंद-चालू होताना किंवा वीज पडताना लाइनवर क्षणभर हजारो व्होल्टचा धक्का येतो. कॅट तीन, 600 व्होल्टचा मीटर 6,000 व्होल्टच्या धक्क्यावर तपासलेला असतो. लीडवरही तोच शिक्का हवा. स्वस्त लीड जोडली तर त्या लीडचा दर्जा हाच सगळ्याचा दर्जा.

आता ‘ट्रू आरएमएस’. हल्ली बहुतेक कारखान्यांत मोटारी ड्राइव्हवर चालतात. तेथील करंट सरळ लहरीचा नसतो. साधा मीटर सरासरी घेऊन 1.11 ने गुणतो; ते गणित फक्त शुद्ध लहरीला लागू पडते. अशा ठिकाणी साधा टाँग टेस्टर तीस-चाळीस टक्के कमी आकडा दाखवू शकतो. मोटार तापते, कारागीर म्हणतो करंट ठीक आहे, आणि दोष रिवाइंडिंगवर येतो. ड्राइव्हच्या आउटपुटचे व्होल्टेज मोजायचे तर मीटरमध्ये लो-पास फिल्टरही हवा.

रिवाइंडिंगवाल्यांनी एक ध्यानात ठेवावे. मोठ्या मोटारीच्या वाइंडिंगचा रेझिस्टन्स एक ओहमहूनही कमी असतो आणि लीडचाच दोन-तीन दशांश ओहम येतो. दोन्ही टोके जुळवून तो आधी वजा करावा. इन्सुलेशन पाहण्यास मेगरच लागतो. मल्टिमीटरची बॅटरी त्या कामास अपुरी आहे.

लाइन बंद असूनही मीटर साठ-सत्तर व्होल्ट दाखवतो, तेव्हा नवखे गोंधळतात. शेजारच्या तारेचा तो परिणाम असतो. ‘लो झेड’ बटण असल्यास ते दाबावे, नसल्यास टेस्ट लॅम्प लावावा. ‘लाइन मेली’ म्हणण्यापूर्वी मीटर चालू लाइनवर तपासावा, मग बंद लाइनवर आणि पुन्हा चालू लाइनवर.

सॉल्व्हंट हाताळणाऱ्या रासायनिक कारखान्यांत चांगला मीटरही परवानगीशिवाय उघडू नये. तेथे ठिणगी पेटवणार नाही असा प्रमाणित मीटरच चालतो. ठेकेदार घाई करील, तरी नकार द्यावा.

समुद्राच्या हवेत लीडच्या टोकांवर गंज चढतो, म्हणून ती पुसून ठेवावीत. महिनाभर काम नसेल तर सेल काढावेत. गळलेल्या सेलने आतली पट्टी खाल्ली जाते. मोठे कारखाने कॅलिब्रेशनचा दाखला मागतात. वर्षातून एकदा तो करून घेतला तर ठेका मिळवताना उपयोगी पडतो.

खरेदीला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जावे. विरारला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले की झाले. नाशिकच्या ऋषभ, मोटवाने यांचे मीटरही पाहावेत. पैसे देण्यापूर्वी दुकानदाराकडून मागचे झाकण उघडून घ्यावे व दोन्ही फ्यूजवरील व्होल्टचा आकडा स्वतः वाचावा.