आडात नाही तर पोहऱ्यात कोठून?

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात वाळवंटाच्या कडेला क्वार्टझाइट नावाचे एक लहानसे गाव आहे. हिवाळा आला, की या गावाभोवतीच्या उघड्या माळावर हजारो 'चाकांवरची घरे' येऊन उभी राहतात. उत्तरेकडील बर्फाला कंटाळलेली माणसे येथे उबेसाठी येतात. त्यांच्या मोटारीतच झोपण्याची, स्वयंपाकाची आणि आंघोळीची सोय असते. अशा मोटारीला तिकडे 'आर. व्ही.' म्हणतात. माळावर विजेचे खांब नाहीत. मग दिवे लागतात कसे? छपरावर बसवलेली सौर पॅनेले दिवसा वीज तयार करतात आणि मोटारीच्या पोटातील बॅटऱ्या ती रात्रीसाठी साठवून ठेवतात.

समजा, डिसेंबर महिन्यात असे एक कुटुंब तेथे येऊन उतरले. छपरावर २०० वॉटचे पॅनेल आणि पोटात काठोकाठ चार्ज केलेल्या बॅटऱ्या. तीन रात्री मजेत गेल्या. चौथ्या रात्री बॅटऱ्या निम्म्यावर आल्याचे मापकाने दाखवले आणि दिवे, फ्रिज सारे बंद करावे लागले. "बॅटऱ्या कमी पडल्या. आणखी तितक्याच विकत घेऊ," असे गृहस्थ म्हणाले. त्यांचे म्हणणे बरोबर आहे का? कागद-पेन्सिल घ्या, आपणच तपासून पाहू.

आधी खर्च

एखादे उपकरण किती वॉटचे आहे, त्याला ते किती तास चालते याने गुणले, की 'वॉट-तास' मिळतात. ५ वॉटचे चार दिवे चार तास लावले, तर ८० वॉट-तास होतात. पाण्याचा पंप ६० वॉटचा; दिवसभरात अर्धा तास, म्हणजे ३०. फ्रिज ५० वॉटचा. तो थांबत थांबत एकूण दहा तास चालतो असे धरू, म्हणजे ५००. गॅसवरच्या हीटरचा पंखा ९० वॉटचा. दोन तास, म्हणजे १८०. लहान संगणक ६० वॉटचा. तीन तास, म्हणजे आणखी १८०. दूरध्वनी चार्ज करायला ३०. करा बेरीज. रोजचा खर्च बरोबर १००० वॉट-तास.

मग मिळकत

२०० वॉटचे पॅनेल दहा तास उजेडात राहिले, तर २००० वॉट-तास मिळतील असे कोणालाही वाटेल. येथेच गफलत होते. पॅनेलवर लिहिलेले वॉट हे दर चौरस मीटरला १००० वॉट इतक्या प्रखर उन्हात मोजलेले असतात. निरभ्र दिवशी सूर्य पॅनेलच्या अगदी समोर असेल, तेव्हाच एवढे ऊन मिळते. क्वार्टझाइटचे अक्षांश सुमारे ३४ अंश उत्तर आहेत. २२ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारीही सूर्य तेथे क्षितिजापासून सुमारे ३३ अंशच वर चढतो. छपरावर आडव्या पडलेल्या पॅनेलवर किरण तिरपे येतात आणि पूर्ण उन्हाच्या जेमतेम निम्मे पदरात पडते. सकाळ-संध्याकाळी तर त्याहून कमी. दिवसभराचे सारे ऊन एकत्र केले, तर ते सुमारे ३ तासांच्या पूर्ण उन्हाइतके भरते. तारा, धूळ आणि बॅटरी यांत मिळून ३० टक्के वीज वाया जाते असे धरू. मग मिळकत होते २०० × ३ × ०.७, म्हणजे ४२० वॉट-तास.

खर्च १०००, मिळकत ४२०. रोजची तूट ५८०! बॅटऱ्यांतून वापरता येण्याजोगी वीज २००० वॉट-तास होती. भागाकार केला, तर ती साडेतीन दिवसांहून थोडी कमीच पुरते. चौथी रात्र अंधारात का गेली, हे आता कळले. बॅटऱ्या दुप्पट केल्या असत्या, तर सातव्या दिवशी हेच झाले असते. बॅटरी ही मिळकत नव्हे, ती गंगाजळी आहे. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

अर्धपोटी बॅटरी

नुकसान एवढ्यावरच थांबत नाही. शिशाच्या बॅटरीतून वीज घेतली, की तिच्या पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट जमते. बॅटरी पूर्ण चार्ज केली, तर ते पुन्हा विरघळते. पण ती आठवडेच्या आठवडे अर्धपोटी राहिली, तर सल्फेटचे बारीक स्फटिक वाढून टणक होतात व सहजी विरघळत नाहीत. पट्टीचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. म्हणूनच शिशाच्या बॅटरीतील निम्मीच वीज वापरावी आणि नंतर ती काठोकाठ भरावी, असा संकेत आहे. अपुऱ्या पॅनेलला मोठी बॅटरी जोडणे, म्हणजे महाग बॅटरीला उपाशी ठेवणे होय.

जोडी कशी जुळवावी?

पॅनेल ठरवावे ते रोजच्या खर्चावरून आणि तेही वर्षातील सर्वांत कमी उन्हाच्या महिन्यात. १००० ला ३ × ०.७ ने भागले, तर सुमारे ४७६ येतात. म्हणून ५०० वॉटचे पॅनेल घेऊ. बॅटरी ठरवावी ती उन्हाविना किती दिवस काढायचे यावरून. दोन ढगाळ दिवसांसाठी २००० वॉट-तास हवेत. निम्मीच वीज वापरायची, म्हणून बॅटरी ४००० ची. १२ व्होल्टने भागा: सुमारे ३३३ ॲम्पियर-तास.

जुळले का? थांबा, एक मेख उरली आहे. दोन ढगाळ दिवसांत २००० वॉट-तास खर्च झाले. ऊन पडल्यावर ५०० वॉटच्या पॅनेलने रोज १०५० मिळतात. त्यातले १००० खर्चायला लागतात, शिल्लक फक्त ५०! बॅटरी पुन्हा भरायला ४० दिवस लागतील. तेव्हा मिळकत खर्चाइतकी असून भागत नाही, ती खर्चाहून बरीच जास्त हवी.

उपाय सोपा आहे. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून सुमारे ५७ अंशांनी तिरपे उभे करा. दुपारचा सूर्य त्याच्या थेट समोर येईल. आता दिवसाचे ऊन सुमारे ५ तासांचे धरता येते. मिळकत १७५०, शिल्लक ७५०. तीन दिवसांच्या आत बॅटरी भरते.

आता लिथियमच्या बॅटऱ्याही आल्या आहेत. त्यांतील ८० टक्क्यांहून अधिक वीज वापरता येते. त्या वजनाला पुष्कळ हलक्या असतात आणि अर्धवट भरलेल्या राहिल्या तरी त्यांचे बिघडत नाही. मात्र शून्य अंश सेल्सिअसखाली त्या चार्ज करू नयेत. शिवाय पॅनेल अपुरे असेल, तर लिथियमही अंधार टाळू शकत नाही.

तुम्हीच करून पाहा

९० मधून तुमच्या गावाचे अक्षांश आणि आणखी २३.५ वजा करा. २२ डिसेंबरला दुपारी सूर्य तुमच्याकडे किती अंश वर असेल, ते मिळेल. पुण्यासाठी उत्तर सुमारे ४८ येते. मग तुमच्या घरातील दिवे, पंखे, फ्रिज यांचा रोजचा खर्च वॉट-तासांत मांडा आणि तो भागवायला किती वॉटचे पॅनेल लागेल, ते काढा. आधी आड मोजा, मग पोहरा निवडा.