स्पॅनिशचा साधा भूतकाळ: जोर कुठे द्यायचा?

आज आपण स्पॅनिशमधला साधा भूतकाळ बघणार आहोत. त्याला तिथे 'प्रेतेरितो' म्हणतात. इअरफोन लावलेत ना? कारण यातला अर्धा खेळ कानाचा आहे.

समजा, मेक्सिकोच्या क्लायंटबरोबर कॉल चालू आहे आणि विषय बिलाचा. समोरचा म्हणतो, 'पागो'. जोर 'पा'वर असेल तर अर्थ 'मी पैसे भरतो'. जोर 'गो'वर असेल तर 'त्याने पैसे भरले'. अक्षरं तीच, हिशोब वेगळा! लिहिताना शेवटच्या स्वरावर छोटी तिरकी रेघ देतात, ती याच जोराची खूण.

आता फॉर्म्युला. एखाद्या फंक्शनसारखा विचार करा: इनपुट दोन, क्रियापद आणि कर्ता. 'आब्लार' म्हणजे बोलणं. शेवटचं 'आर' काढा आणि प्रत्यय लावा:

मी: आब्ले (जोर शेवटी)
तू: आब्लास्ते
तो, ती, आपण: आब्लो (जोर शेवटी)
आम्ही: आब्लामोस
तुम्ही, ते: आब्लारोन

स्पेनमध्ये मित्रमंडळींना 'तुम्ही' म्हणताना 'आब्लास्तेइस' हे आणखी एक रूप वापरतात. लॅटिन अमेरिकेत त्याची गरज पडत नाही.

क्रियापद 'एर' किंवा 'ईर'ने संपत असेल, तर दोघांना एकच सेट. 'कोमेर' म्हणजे खाणं: कोमी, कोमीस्ते, कोमिओ, कोमीमोस, कोमिएरोन. 'बिबीर' म्हणजे राहणं, जगणं: बिबी, बिबीस्ते, बिबिओ... म्हणजे पाठ करायचे सेट फक्त दोन.

एक गंमत. 'आब्लामोस' म्हणजे 'आम्ही बोलतो' आणि 'आम्ही बोललो' पण! मग ओळखायचं कसं? संदर्भावरून. 'आयेर', म्हणजे काल, हा शब्द सोबत आला की प्रश्नच मिटला.

आता मराठी माणसासाठी खास. आपण 'आंबा खाल्ला', पण 'पोळी खाल्ली' म्हणतो. क्रियापद कर्माच्या मागे जातं. स्पॅनिशमध्ये ते कर्त्याच्याच मागे जातं. मी आंबा खाल्ला काय नि पोळी खाल्ली काय, 'कोमी'च. शिवाय 'मी बोललो' आणि 'मी बोलले' असा फरकही नाही. मुलगा असो की मुलगी, 'आब्ले'.

पण एका बाबतीत आपली मराठी भारी कामाला येते. 'मी दोन वर्षं बोगोतात राहिलो' म्हणजे तो काळ संपला, हिशोब बंद. तिथे 'बिबी'. 'मी तेव्हा बोगोतात राहायचो' म्हटलं की सवय किंवा चालू असलेली स्थिती. तिथे 'बिबीआ', हा वेगळा भूतकाळ. किती दिवस राहिलात याच्याशी संबंध नाही. दोन वर्षंसुद्धा 'बिबी'त बसतात. डोक्यात 'राहिलो' येतंय की 'राहायचो', एवढं बघा. बहुतेक वेळा बरोबर निघेल.

होमवर्क: 'त्राबाहार' (काम करणं), 'बेबेर' (पिणं), 'एस्क्रिबीर' (लिहिणं). तिन्हीची 'मी'ची रूपं मोठ्याने म्हणा. उत्तरं: त्राबाहे, बेबी, एस्क्रिबी. आणि हो, तिन्हींत जोर शेवटी!