भर उन्हाळ्यांतील नाताळ आणि ऐनवेळचा प्रवास

नाताळ म्हटला कीं पुण्या-मुंबईच्या माणसास पहांटेचा गारवा व कपाटांतून बाहेर निघालेली शाल आठवते. ऑस्ट्रेलियांत मात्र हा सण भर उन्हाळ्यांत येतो. वर्षांतील सर्वांत मोठा दिवस तेथें २१ किंवा २२ डिसेंबरला असतो, आणि नाताळ त्यास लागूनच. महाराष्ट्रांत मे महिन्याच्या सुटीचें जें स्थान, तेंच तेथें डिसेंबर-जानेवारीचें. शाळा जवळजवळ जानेवारीअखेर बंद, कचेऱ्या ओस, आणि सारा देश समुद्राकडे निघालेला! मेलबर्न व सिडनी येथें राहणाऱ्या मराठी कुटुंबांसही या उलट्या ऋतुचक्राची संवय करून घ्यावी लागते.

अशा वेळीं चार दिवस बाहेरगांवीं जाण्याचा विचार ज्यास २० डिसेंबरला सुचतो, त्याची स्थिति वरकरणी केविलवाणीच. किनाऱ्यावरील तंबूंच्या लोकप्रिय जागा कित्येक महिने आधींच राखून ठेविलेल्या असतात. गीलाँगहून टास्मानियास जाणाऱ्या बोटीवर मोटारीसाठीं जागा मिळणें दुरापास्त होतें. २६ डिसेंबरला मेलबर्नमध्यें क्रिकेटचा कसोटी सामना सुरू होतो. त्याच दिवशीं सिडनीहून होबार्टकडे शिडांच्या नौकांची शर्यत निघते, व ती १९४५ पासून चालत आली आहे. या शहरांतील खोल्यांचे भाव त्या आठवड्यांत विचारूंच नयेत.

तथापि उशिरां निघणाराच्या पदरीं एक लाभ असतो, आणि तो लहान नव्हे. सहा महिने आधीं जागा राखणारास त्या दिवशीं हवा कशी असेल हें ठाऊक नसतें. उशिरां ठरविणारासमोर हवामानखात्याचा सात दिवसांचा अंदाज उघडा असतो. पैसे कोठेंच गुंतलेले नसल्यामुळें, अंदाज वाईट दिसतांच बेत बदलणें त्यास सोपें जातें. म्हणून ‘जागा कोठें शिल्लक आहे?’ हा त्याचा पहिला प्रश्न नसावा. आग, वारा व पाणी यांचा रंग कसा आहे, हें त्यानें आधीं पाहावें.

ही सावधगिरी अनाठायीं नाहीं. ३१ डिसेंबर २०१९ रोजीं व्हिक्टोरिया प्रांताच्या पूर्व टोकावरील मॅलाकूटा या गांवास वणव्यानें वेढलें. गांवांत जाणारा पक्का रस्ता एकच. तो बंद पडतांच सुमारें ४,००० रहिवासी व प्रवासी पाण्याच्या कांठीं अडकून पडले. त्यांपैकीं १,००० हून अधिक लोकांना पुढें जानेवारींत नौदलानें समुद्रमार्गें बाहेर काढलें. उत्तरेकडील डार्विनची कथा याहून दारुण आहे. १९७४ सालीं नाताळच्या पहांटे ‘ट्रेसी’ नांवाच्या चक्रीवादळानें तें शहर जमीनदोस्त केलें. ६० हून अधिक माणसें दगावलीं. इशारे दिलेले होते. परंतु त्याच महिन्यांत आलेलें दुसरें एक वादळ शहरास चुकवून गेलें होतें, आणि घरोघर सणाची गडबड होती. पुष्कळांनीं ते इशारे मनावर घेतले नाहींत.

आतां प्रत्यक्ष निवड कशी करावी? २०२२ पासून सर्व देशांत वणव्याच्या धोक्याच्या चार पायऱ्या एकसारख्या ठरविल्या आहेत. वरच्या दोन पायऱ्या ज्या दिवशीं जाहीर होतील, त्या दिवशीं रानालगतचा मुक्काम सोडावा. जेथून निघण्यास एकच वाट आहे असें गांव तर अशा आठवड्यांत टाळलेलेंच बरें. पूर्ण अग्निबंदीच्या दिवशीं उघड्यावर चूल पेटवितां येत नाहीं. तेव्हां थंड जेवण बर्फाच्या पेटींत बरोबर न्यावें.

समुद्रावर लाल-पिवळ्या निशाणांच्या मध्येंच उतरावें, कारण जीवरक्षकांची नजर तेथें असते. खोल पाण्याकडे ओढणाऱ्या प्रवाहांत सांपडल्यास त्याशीं झुंजूं नये. तरंगत राहून हात वर करावा. पट्टीच्या पोहणारासही समुद्र दयामाया दाखवीत नाहीं. पंतप्रधान हॅरल्ड होल्ट १७ डिसेंबर १९६७ रोजीं मेलबर्नजवळ पोहावयास उतरले, ते पुन्हां दिसलेच नाहींत. क्वीन्सलंडच्या उत्तर किनाऱ्यावर या दिवसांत विषारी जेलीमाशांचें भय असतें; तेथें संरक्षक जाळ्याबाहेर जाऊं नये.

समुद्राचा हट्ट सोडणारास वाट मोकळी सांपडते. सिडनीहून मोटारीनें सुमारें तीन तासांवर असलेलें कॅनबेरा हें राजधानीचें शहर पार्लमेंट बंद असल्यानें या दिवसांत शांत असतें, व तेथील चित्रसंग्रह आणि युद्धस्मारक सावकाश पाहतां येतात. मात्र २५ तारखेस हीं स्थळेंच काय, बहुतेक दुकानेंही बंद असतात. पेट्रोल, पाणी, दूध व औषधें २४ तारखेसच घ्यावीं, आणि कोणत्या रस्त्यानें जाणार व केव्हां परतणार हें एखाद्या शेजाऱ्यास सांगून ठेवावें.

इतकें करूनही निघण्याच्या सकाळीं अंदाज बिघडला, तर खुशाल घरीं राहावें. सण घरच्या ओटीवर साजरा होतो, आणि उन्हाळ्याची सुटी त्यानंतर महिनाभर उरलेलीच असते.