भरती परीक्षेतील इंग्रजी आणि मराठी माध्यमाचा उमेदवार

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील ट्रॉम्बे हा परिसर स्वातंत्र्योत्तर काळात देशाच्या औद्योगिक व वैज्ञानिक उभारणीचे एक प्रमुख केंद्र ठरला. १९५४ आणि १९५५ या दोन वर्षांत येथे तेलशुद्धीकरणाचे कारखाने सुरू झाले. १९५६ साली औष्णिक वीज केंद्र आणि त्याच वर्षी ४ ऑगस्ट रोजी 'अप्सरा' ही देशातील पहिली अणुभट्टी कार्यान्वित झाली. १९६५ साली खतनिर्मिती सुरू झाली व पुढे १९७८ मध्ये 'राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स' या कंपनीची स्थापना झाली. डॉ. होमी भाभा यांनी उभारलेल्या अणुशक्ती संस्थेला १९६७ साली 'भाभा अणुसंशोधन केंद्र' हे नाव देण्यात आले.

या मोठ्या संस्थांच्या शेजारीच ट्रॉम्बे कोळीवाडा, मानखुर्द व गोवंडीच्या दाट वस्त्या आणि १९७६ साली जनता कॉलनीतील कुटुंबांचे पुनर्वसन करून वसविण्यात आलेला चीता कॅम्प आहे. येथील मुलांना या संस्थांची फाटके लहानपणापासून परिचयाची असतात. तथापि फाटकाच्या आत नोकरीवर जाण्याचा मार्ग भरती परीक्षेतूनच जातो. ट्रॉम्बेच्या तरुणाची ही स्थिती राज्यातील कोणत्याही तालुक्यातील तरुणाहून वेगळी नाही. गणित आणि सामान्य ज्ञान यांची तयारी तो उमेदीने करतो, परंतु इंग्रजीचे नाव निघताच त्याचा धीर सुटतो. कित्येकदा अर्जच भरला जात नाही. ही भीती कितपत सार्थ आहे आणि ती दूर करण्याचा मार्ग कोणता, याचा विचार करणे म्हणूनच अगत्याचे आहे.

परीक्षेत इंग्रजीचे स्थान

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, प्रत्येक परीक्षेत इंग्रजीचे स्थान सारखे नसते. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या २०२३ च्या जाहिरातीनुसार प्रशिक्षणार्थींच्या प्राथमिक परीक्षेत गणित, विज्ञान व सामान्य ज्ञान हेच विषय होते. राज्यातील पोलीस शिपाई भरतीच्या लेखी परीक्षेतही इंग्रजीचा स्वतंत्र विभाग नसतो. याउलट २०२३ च्या तलाठी भरतीत २०० पैकी ५० गुण इंग्रजीसाठी होते. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या गट-ब व गट-क सेवांच्या मुख्य परीक्षेत मराठीबरोबर इंग्रजीचीही कसोटी लागते.

केंद्र शासनाच्या कार्यालयांतील बहुकार्य कर्मचारी पदाचे उदाहरण विशेष बोलके आहे. या पदासाठी दहावी उत्तीर्ण उमेदवार पात्र असतो. कर्मचारी निवड आयोगाने २०२३ पासून ही परीक्षा इंग्रजी व हिंदीखेरीज मराठीसह १३ प्रादेशिक भाषांतून देण्याची सोय केली. मराठी माध्यमाच्या उमेदवारांना हा मोठाच दिलासा होय. परंतु इंग्रजीचे प्रश्न इंग्रजीतच राहिले. त्या वर्षीच्या रचनेनुसार पहिले सत्र केवळ पात्रतेपुरते होते आणि गुणवत्ता यादी दुसऱ्या सत्राच्या गुणांवर आधारलेली होती. या सत्रात सामान्य ज्ञानाचे २५ प्रश्न ७५ गुणांचे आणि इंग्रजीचे २५ प्रश्न ७५ गुणांचे होते. म्हणजे निवड ठरविणाऱ्या गुणांपैकी निम्मे गुण एकट्या इंग्रजीचे. जो उमेदवार इंग्रजी सोडून देतो, तो अर्धी परीक्षा सोडून देतो असाच याचा अर्थ होतो.

भरतीसाठी वयाची मर्यादाही असते. वर उल्लेखिलेल्या प्रशिक्षणार्थींपैकी दुसऱ्या वर्गासाठी ती १८ ते २२ वर्षे होती. अशा स्थितीत 'इंग्रजी पुढे पाहू' म्हणण्याइतकी सवड उमेदवाराजवळ नसते. जाहिरात व अभ्यासक्रम पाहून इंग्रजीला किती वेळ द्यावयाचा हे त्याने आरंभीच ठरवावे.

दोन भाषांमधील भेद

या परीक्षांत इंग्रजी संभाषणाची वा वाङ्मयाची परीक्षा होत नाही. वाक्यातील चूक ओळखणे, गाळलेली जागा भरणे, समानार्थी व विरुद्धार्थी शब्द, शब्दसमूहाबद्दल एक शब्द, वाक्प्रचार आणि सोपा उतारा हेच प्रश्नांचे नेहमीचे प्रकार होत. त्यांच्या मुळाशी असलेले व्याकरणाचे नियम मर्यादित आहेत. मराठी भाषकाच्या चुका तर प्रामुख्याने जेथे मराठी आणि इंग्रजी यांच्या वाटा वेगळ्या होतात, त्याच ठिकाणी होतात. ही ठिकाणे ओळखणे हा सरावाचा पाया आहे.

पहिले ठिकाण म्हणजे 'पासून'. 'ती २०१५ पासून येथे राहते' आणि 'ती दहा वर्षांपासून येथे राहते' या दोन्ही वाक्यांत मराठीला एकच शब्द पुरतो व क्रियापदही साध्या वर्तमानकाळात चालते. इंग्रजीत आरंभाचा क्षण सांगावयाचा असेल तर 'सिन्स' आणि कालावधी सांगावयाचा असेल तर 'फॉर' येते. शिवाय क्रियापद पूर्ण वर्तमानकाळात घ्यावे लागते. म्हणून 'शी लिव्ह्ज हिअर सिन्स टेन इयर्स' या एकाच वाक्यात दोन चुका होतात. 'शी हॅज लिव्ह्ड हिअर फॉर टेन इयर्स' हे शुद्ध रूप होय.

दुसरे ठिकाण कर्ता व क्रियापद यांच्या संबंधाचे. मराठीच्या कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. 'रामाने प्रश्न सोडवला आहे' याचे अनेकवचन 'रामाने प्रश्न सोडवले आहेत' असे होते. या सवयीने विद्यार्थी इंग्रजीतही 'हॅव' लिहून मोकळा होतो. इंग्रजी कर्तरी वाक्यात मात्र प्रश्न एक असो वा पन्नास, क्रियापद कर्त्याशीच बांधलेले असते. म्हणून 'राम' या एकवचनी कर्त्यापुढे 'हॅज' हेच योग्य.

काही ठिकाणी मराठी कान हाच उत्तम मार्गदर्शक ठरतो. 'द लिस्ट ऑफ आयटेम्स' यापुढे 'इज' की 'आर' असा प्रश्न आला, तर वाक्य मराठीत म्हणून पाहावे. 'वस्तूंची यादी टेबलावर आहेत' असे मराठी माणूस कधीही म्हणणार नाही. यादी एक आहे, म्हणून 'इज'.

तिसरे ठिकाण शब्दयोगी अव्ययांचे. मराठीत 'योजनेवर चर्चा' होते, म्हणून इंग्रजीत 'डिस्कस' या क्रियापदापुढे 'अबाउट' किंवा 'ऑन' जोडण्याचा मोह होतो. तेथे काहीच जोडावयाचे नसते. 'गावाला पोहोचणे' यातील 'ला' मुळे 'रीच' पुढे 'टू' येते, तेही अनावश्यक. 'तिच्याशी विवाह झाला' यातील 'शी' मुळे 'मॅरिड विथ' असे लिहिले जाते. शुद्ध प्रयोग 'मॅरिड टू' असा आहे. 'त्याच्यापेक्षा ज्येष्ठ' यासाठी 'सीनियर दॅन' नव्हे, तर 'सीनियर टू' म्हणावे लागते. अशी जोडरूपे सुटी न शिकता क्रियापदासह किंवा विशेषणासह एका छोट्या वाक्यात बांधूनच पाठ करावीत.

देवनागरीचे साहाय्य

इंग्रजीतील 'अ' आणि 'ॲन' या उपपदांविषयी बराच गोंधळ आढळतो, कारण मराठीत उपपदे नाहीत. स्वरापूर्वी 'ॲन' हा नियम विद्यार्थ्यांना ठाऊक असतो, परंतु ते इंग्रजी अक्षराकडे पाहतात. नियम उच्चाराचा आहे. येथे देवनागरी लिपी मोलाची मदत करते. शंका आलेला शब्द देवनागरीत लिहून पाहावा. 'युनिव्हर्सिटी' हा शब्द 'य' या व्यंजनाने सुरू होतो, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. 'अवर' म्हणजे तास, त्याच्या आरंभी 'अ' हा स्वर दिसतो, म्हणून 'ॲन अवर'. 'ऑनेस्ट' पूर्वी 'ॲन', 'वन' पूर्वी 'अ' आणि 'एम.एल.ए.' पूर्वी 'ॲन'. मराठी माध्यमाच्या मुलाकडे अशा प्रकारे एक हुकमी कसोटी आपोआपच आलेली असते.

शब्दांच्या वर्णरचनेत मात्र देवनागरी उपयोगी पडत नाही. 'बिलीव्ह' आणि 'रिसीव्ह' यांतील दीर्घ ईकार कानाला सारखाच वाटतो. परंतु पहिल्यात 'आय' नंतर 'ई' आणि दुसऱ्यात 'ई' नंतर 'आय' येतो. असे शब्द हाताने लिहूनच पक्के होतात.

पाट्यांवरील शब्दसंग्रह

शब्दसंग्रह वाढविण्यासाठी शेकडो शब्दांच्या याद्या पाठ करण्याची प्रथा आहे. असे सुटे शब्द लवकर विसरतात. जर्मन मानसशास्त्रज्ञ हरमन एबिंगहाउस यांनी विस्मरणाच्या वेगाचा प्रयोगांनी अभ्यास करून १८८५ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाठ केलेला मजकूर पहिल्या काही तासांतच झपाट्याने विसरला जातो आणि ठरावीक अंतराने केलेली उजळणी तो टिकवून धरते, असे त्यांना आढळले. नवा शब्द दुसऱ्या दिवशी, आठवड्याने व महिन्याने पुन्हा पाहिला पाहिजे, तो याच कारणासाठी.

शब्द कुटुंबाने शिकणे हा त्याहून सोपा उपाय. ट्रॉम्बेत फाटकावरील पाट्यांतूनही हा अभ्यास होऊ शकतो. खत कारखान्याच्या पाटीवरील 'फर्टिलायझर' या शब्दाच्या पोटात 'फर्टाइल' म्हणजे सुपीक हा शब्द आहे. त्यावरून 'फर्टिलिटी' म्हणजे सुपीकता आणि 'इन्फर्टाइल' हा विरुद्धार्थी शब्द मिळतो. 'रिफायनरी' मधून 'रिफाइन' आणि 'रिफाइंड' ही रूपे हाती येतात. वीज केंद्राच्या नावातील 'थर्मल' मधला 'थर्म' म्हणजे उष्णता. 'थर्मामीटर' मध्येही तोच आहे.

अणुसंशोधनातील 'आयसोटोप' हा शब्द ग्रीक 'आयसो' म्हणजे सम आणि 'टोपॉस' म्हणजे स्थान यांपासून बनला. मराठीत त्याला 'समस्थानिक' म्हणतात, ते शब्दशः जुळणारे आहे. 'आयसो' चा अर्थ एकदा कळला की 'आयसोथर्म' म्हणजे समताप रेषा आणि 'आयसोसेलीस' म्हणजे समद्विभुज हे शब्दही सहज उलगडतात. मराठीतील उपसर्ग व प्रत्यय शिकलेल्या विद्यार्थ्याला ही रीत नवी नाही. गावातील उमेदवाराला हेच काम बँकेच्या, दवाखान्याच्या किंवा कृषी सेवा केंद्राच्या पाटीवरून करता येईल.

सरावाची रीत

आठवड्यातून एक दिवस पाच तास बसण्यापेक्षा रोज पाऊण तास देणे अधिक हितावह ठरते. त्यातील पंधरा मिनिटे इंग्रजी वृत्तपत्रातील एखादी लहान बातमी वाचावी. पंधरा मिनिटे एक नियम घेऊन त्यावर स्वतःची दहा वाक्ये लिहावीत. उरलेल्या वेळात मागील प्रश्नपत्रिकेतील वीस प्रश्न घड्याळ लावून सोडवावेत. मराठीतून इंग्रजीत व पुन्हा इंग्रजीतून मराठीत भाषांतर करण्याची जुनी पद्धतही टाकाऊ नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांनी इंग्रजीचा पाया घातला.

सर्वांत महत्त्वाची ती चुकांची वही. तिच्यात तीन रकाने असावेत : चुकलेले वाक्य, शुद्ध वाक्य आणि चुकीचे कारण. कारण मराठीत, एका ओळीत लिहावे. महिनाअखेर वही चाळली की त्याच त्या मोजक्या चुका पुन्हा पुन्हा झाल्याचे दिसून येते. पुढील महिन्याचा अभ्यास त्यांवरच केंद्रित करावा. 'इंग्रजी कच्चे आहे' या मोघम भीतीची जागा 'सिन्स आणि फॉर चुकते' अशा निश्चित निदानाने घेतली, की उपाय सापडतो.

चुकीच्या उत्तराला गुण वजा होत असतील तर थोडे गणितही करावे. बहुकार्य कर्मचारी परीक्षेच्या उपरोक्त सत्रात बरोबर उत्तरास तीन गुण व चुकीच्या उत्तरास एक गुण वजा अशी पद्धत होती. चार पर्यायांपैकी एक डोळे मिटून निवडला, तर चार प्रश्नांमागे सरासरी एक बरोबर येऊन तीन गुण मिळतात आणि तीन चुकून तेवढेच जातात. पदरी शून्य पडते. परंतु नियमाच्या आधारे एक पर्याय निश्चितपणे बाद करता आला, तर उरलेल्या तिहींतून केलेली निवड सरासरीने लाभाची ठरते. अर्धवट ज्ञानालाही येथे मोल आहे, निव्वळ अंदाजाला नाही.

शाळा व पंचायतीचे कार्य

राज्यात २००० सालापासून पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविले जाते. त्यानंतर शाळेत दाखल झालेल्या उमेदवाराने दहावीपर्यंत दहा वर्षे ही भाषा वर्गात ऐकलेली असते. उणीव असते ती लिहिण्याच्या सवयीची आणि चूक दाखवून देणाऱ्या माणसाची. ही उणीव गावपातळीवर भरून काढणे शक्य आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ नुसार मान्यता मिळालेली ग्रंथालये गावोगावी आहेत. तेथे एक इंग्रजी दैनिक, एक इंग्रजी-मराठी शब्दकोश आणि मागील प्रश्नपत्रिकांची एक फाइल ठेवण्यास फारसा खर्च येत नाही. शाळेची एखादी खोली सायंकाळी अभ्यासासाठी उघडून देणे आणि निवृत्त शिक्षकांनी आठवड्यातून एक तास उमेदवारांच्या वह्या तपासणे, एवढ्यानेही मोठे काम होईल. भरतीची जाहिरात मराठीत समजावून सांगणारा फलक ग्रामपंचायत कार्यालयात लावला, तर केवळ इंग्रजीच्या धास्तीने अर्ज न भरणारी मुले पुढे येतील.

ट्रॉम्बेच्या वस्तीतील असो वा दुर्गम पाड्यावरील, मराठी माध्यमाचा उमेदवार इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेपुढे रिकाम्या हाताने बसत नाही. कर्ता, कर्म, प्रयोग, उपसर्ग या गोष्टी त्याने स्वतःच्या भाषेत शिकलेल्या असतात. त्या ज्ञानाचा इंग्रजीसाठी उपयोग कसा करावा, हे दाखवून देणारा शिक्षक आणि सरावासाठी रोजचा पाऊण तास त्याला मिळाला पाहिजे.